सॉफ्टवेअरच्या गरजा चित्रांतून कशा टिपाव्यात : मकरपुऱ्यातल्या एका मशिन शॉपचे उदाहरण

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एखाद्या टर्नरच्या हातात नव्या पार्टचे ड्रॉइंग ठेवले आणि त्यात एका खाचेचे माप द्यायचे राहून गेले असेल, तर ते त्याच्या नजरेतून सुटत नाही. मशिन लावण्यापूर्वीच तो विचारायला येतो. त्याच पार्टचे दोन पानी लेखी वर्णन त्याला वाचायला दिले, तर तो बहुधा मान डोलावून कामाला लागेल, कारण वाक्ये एकापुढे एक सुरळीत आली की काही सांगायचे राहिले आहे अशी शंकाच येत नाही. सॉफ्टवेअर बनवून घेताना गरजांचा जो मजकूर लिहिला जातो, त्याची गत अशीच होते. तो सगळ्यांनी वाचलेला असतो, त्यावर सगळ्यांच्या सह्या झालेल्या असतात, आणि सिस्टिम सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात स्टोअरमधून फोन येतो की माल अर्धाच परत आला आहे, तो कुठे भरायचा?

अशा राहून गेलेल्या गोष्टी आधीच सापडाव्यात यासाठी जी साधी चित्रे वापरली जातात, ती कशी काढायची आणि त्यांतून प्रश्न कसे बाहेर काढायचे, हे येथे क्रमाने मांडले आहे. यातली कोणतीही पद्धत नवी नाही. माहितीतल्या वस्तू आणि त्यांची नाती दाखवणारी आकृती पीटर चेन यांनी १९७६ साली मांडली, अवस्थांच्या आकृतीला डेव्हिड हारेल यांनी १९८७ मध्ये आजचे रूप दिले, आणि यूएमएल ही चित्रभाषा १९९७ पासून प्रमाण मानली जाते. यूएमएलच्या २.५ या आवृत्तीत आकृत्यांचे १४ प्रकार आहेत. छोट्या कारखान्याच्या कामाला ते सगळे शिकण्याची गरज नाही. चौकोन, गोल, बाण आणि तक्ता एवढ्यावर बहुतेक काम भागते. प्रत्येक चित्र एका ठरावीक प्रकारची उणीव पकडते, त्यामुळे कोणते चित्र काढायचे हे कोणती उणीव राहण्याची भीती आहे त्यावरून ठरवावे.

उदाहरणासाठी मकरपुऱ्यातला एक मध्यम आकाराचा मशिन शॉप घेऊ. येथे स्टीलच्या राउंड बारपासून पार्ट तयार होतात, झिंक प्लेटिंगसाठी आणि हीट ट्रीटमेंटसाठी बाहेर जातात, परत येतात, तपासले जातात आणि ग्राहकाकडे रवाना होतात. बाहेर गेलेल्या मालाचा हिशेब सध्या चलनबुकात (चलन म्हणजे मालासोबत पाठवायचा कागद) आणि एका एक्सेल शीटमध्ये आहे, आणि मालकांना त्यासाठी सॉफ्टवेअर हवे आहे. मालक गुजरातीत बोलतात, स्टोअर सांभाळणारे काका दांडिया बाजारातले मराठी, तपासणीचा सुपरवायझर हिंदीत बोलणारा आणि प्रोग्रामरचा दस्तऐवज इंग्रजीत, असा प्रकार बडोद्यात काही विशेष नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली तेव्हापासून या शहरात ड्रॉइंग वाचणाऱ्यांची वाण नाही, आणि या चौघांना एकाच वेळी समजेल असे काही टेबलावर ठेवायचे असेल तर ते चित्रच असू शकते.

पहिले काम : भरलेले कागद गोळा करणे

पेन्सिल हातात घेण्यापूर्वी चालू व्यवहाराचे कागद मागावेत, आणि कोरे नमुने न मागता भरलेले मागावेत. कोऱ्या चलनावर छापलेले रकाने दिसतात. भरलेल्या चलनावर कोणता रकाना कधीच भरला जात नाही, कोणती माहिती रकाना नसताना कोपऱ्यात कोंबली जाते आणि मागच्या बाजूला काय लिहिले जाते, हे सगळे दिसते. जीएसटीच्या नियमानुसार डिलिव्हरी चलन तीन प्रतींत असते : एक माल घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची आणि एक पाठवणाऱ्याची. शक्य असेल तर एकाच खेपेच्या दोन प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात. प्लेटिंगवाल्याकडच्या प्रतीवर आणि आपल्या प्रतीवर हाताने केलेल्या खुणा वेगळ्या असतील, तर तिथे एक गरज दडलेली आहे असे समजावे.

चलनबुकाबरोबर इनवर्ड रजिस्टर, गेटपास, रिजेक्शनची नोंद आणि ती एक्सेल शीटही घ्यावी. शीटमधला शेऱ्याचा रकाना सर्वांत आधी वाचावा, कारण ज्या गोष्टींना व्यवस्थेत जागा नसते त्या सगळ्या शेऱ्यात जाऊन पडतात.

संदर्भचित्र : सिस्टिमची हद्द

कागदाच्या मध्यभागी एक गोल काढून त्यात सिस्टिमचे नाव लिहावे आणि गोलाच्या आत दुसरे काहीही लिहू नये. भोवती चौकोनांत ती माणसे, पार्ट्या आणि इतर सॉफ्टवेअर मांडावीत ज्यांच्याशी या सिस्टिमची देवाणघेवाण होणार आहे : स्टोअर, उत्पादनाचा सुपरवायझर, तपासणी विभाग, गेटवरचा वॉचमन, प्लेटिंगवाला, हीट ट्रीटमेंटवाला, अकाउंटचे सॉफ्टवेअर, ई-वे बिलाचे (मालाच्या वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या बिलाचे) पोर्टल आणि मालक. मग बाण काढावेत आणि प्रत्येक बाणावर काय जाते ते नामाने लिहावे, जसे ‘चलन’, ‘परत आलेल्या मालाची नोंद’, ‘शिल्लक यादी’. नुसता बाण काढून त्यावर काहीच न लिहिणे ही या चित्रातली सर्वांत सामान्य चूक आहे, आणि अशा बाणाला अर्थ नसतो.

हे चित्र पंधरा-वीस मिनिटांत होते, पण त्यातून दोन महत्त्वाच्या गोष्टी ठरतात. पहिली म्हणजे हद्द. अकाउंटचे सॉफ्टवेअर गोलाच्या बाहेर असेल तर त्याला फक्त माहिती पुरवायची आहे, आणि आत असेल तर बिले, खतावणी, सगळेच आले. हा फरक पैशांचा असल्यामुळे या चित्रावर मालकांची सही सर्वांत आधी घ्यावी. दुसरी म्हणजे निराधार बाण. मालकांना रोज संध्याकाळी ‘प्लेटिंग होऊन उचलायला तयार असलेला माल’ मोबाइलवर हवा आहे असे समजा. तो बाण गोलातून बाहेर निघाला, पण प्लेटिंगवाल्याकडून गोलाकडे येणारा एकही बाण कागदावर नाही. मग ही माहिती सिस्टिमला कळणार कशी? एक तर प्लेटिंगवाल्याने रोज कळवायचे, नाहीतर मालकांनी ‘बाहेर असलेला एकूण माल’ एवढ्यावर समाधान मानायचे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बाणापुढे बोट ठेवून ‘हे कशातून तयार होणार?’ असे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

पट्ट्यांचे चित्र : काम कोणाकडून कोणाकडे जाते

कागद आडवा घेऊन त्यावर आडव्या पट्ट्या आखाव्यात आणि प्रत्येक पट्टीला एकेका विभागाचे नाव द्यावे. आपल्या उदाहरणात उत्पादन, स्टोअर, गेट, प्लेटिंगवाला, तपासणी आणि अकाउंट अशा सहा पट्ट्या होतील. डावीकडून उजवीकडे काळ पुढे सरकतो असे धरून, जे काम जो करतो ते त्याच्या पट्टीत क्रियापदाने लिहावे : ‘नग मोजतो’, ‘चलन लिहितो’, ‘गेटपास तपासतो’. आधी आजचा व्यवहार जसा चालतो तसाच काढावा. नवी पद्धत कशी असावी हे डोक्यात असले तरी ते या कागदावर येऊ देऊ नये, कारण दोन्हींची सरमिसळ झाली की कोणालाच काही नाकारता येत नाही.

या चित्रात लक्ष द्यायचे ते जिथे बाण एक पट्टी ओलांडून दुसरीत जातो तिथे. प्रत्येक ओलांडणीच्या जागी कोणता कागद सोबत जातो, तो कोण ठेवून घेतो आणि तो नसेल तर काम अडते की चालते, हे विचारावे. दुसरी जागा म्हणजे निर्णयाचा, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा चौकोन. ‘नग चलनाप्रमाणे भरले?’ असा प्रश्न लिहिल्यावर ‘होय’चा बाण सगळेच काढतात, ‘नाही’चा बाण काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. तो कुठे जातो हे माहीत नसेल तर लोंबकळता ठेवून त्याच्या टोकाला प्रश्नचिन्ह लावावे आणि स्टोअरमध्ये जाऊन विचारावे. तिथले बोलणे साधारण असे होते :

“काका, माल मोजला आणि चलनापेक्षा कमी भरला, तर काय करता?”

“काय करणार, टेम्पोवाला उभा असतो. सही देऊन त्याला सोडतो आणि चलनाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवतो, ४ कमी. पुढच्या खेपेत तो भरून देतो.”

“आणि नाही दिले तर?”

“मग महिनाअखेरीला अकाउंटवाल्या बेनबरोबर वाद. त्या म्हणतात चलनावर तर पूर्ण सही आहे.”

या चार वाक्यांत तीन गरजा आहेत : चलनापेक्षा कमी माल आला तरी तो घेता आला पाहिजे, कमी पडलेल्या नगांची नोंद सही करण्याच्या क्षणीच झाली पाहिजे, आणि पुढच्या खेपेत आलेले नग जुन्या चलनाच्या खाती टाकता आले पाहिजेत. लेखी प्रश्नावली पाठवली असती तर काकांनी ‘माल मोजून घेतो’ एवढेच लिहिले असते, आणि ते खोटेही नसते.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगावीशी वाटते. असे प्रश्न मालक समोर बसलेले असताना विचारू नयेत. मागच्या बाजूच्या पेन्सिलीच्या नोंदी हा काकांनी स्वतः शोधलेला तोडगा आहे, आणि वरिष्ठांसमोर आपला तोडगा कोणी सहसा उघड करत नाही. आधी त्यांच्या टेबलापाशी बसून चित्र पुरे करावे, आणि मालकांपुढे नेताना ती नोंद ‘काय होते’ म्हणून दाखवावी, ‘कोण करतो’ म्हणून नव्हे.

वस्तू आणि नाती : सर्वांत महाग चुका इथे होतात

तिसरे चित्र माहितीतल्या वस्तूंचे. ज्या गोष्टींची सिस्टिमला आठवण ठेवावी लागणार आहे त्या प्रत्येकीला एक चौकोन द्यावा : पार्टी, पार्ट, चलन, चलनाची ओळ, परतीची नोंद, परतीची ओळ, प्रक्रिया. दोन चौकोनांमध्ये संबंध असेल तर रेघ काढावी आणि रेघेच्या दोन्ही टोकांना ‘कमीत कमी किती’ आणि ‘जास्तीत जास्त किती’ हे लिहावे. कावळ्याच्या पायासारखी तीन फाट्यांची खूण ‘अनेक’ दाखवायला वापरतात. ती लक्षात राहत नसेल तर सरळ ‘१’ आणि ‘अनेक’ असे शब्द लिहिले तरी चालते. महत्त्व खुणेला नाही. प्रत्येक रेघेबद्दल चार प्रश्न विचारले गेले पाहिजेत, हे महत्त्वाचे. एका चलनावर कमीत कमी किती ओळी? जास्तीत जास्त किती? एक ओळ कमीत कमी किती परतींमध्ये येते? जास्तीत जास्त किती?

शेवटच्या दोन प्रश्नांपाशी थांबून नीट पाहू. घाईत असलेला प्रोग्रामर चलनाच्या ओळीतच ‘परत आलेली संख्या’ असा एक रकाना देतो आणि पुढे जातो. आता समजा, महिन्याच्या ३ तारखेला एका पार्टचे ५०० नग प्लेटिंगला गेले आणि १० तारखेला त्याच पार्टचे आणखी ३००. २२ तारखेला टेम्पोतून ६२० नग एकत्र आले. ते कोणत्या चलनाचे? जुने आधी फेडायचे असे ठरवले तर पहिल्या चलनाचे ५०० पूर्ण आणि दुसऱ्याचे १२०, म्हणजे दुसऱ्यावर १८० शिल्लक. पण प्लेटिंगवाल्याने आपल्या कागदावर १० तारखेच्या चलनाचा क्रमांक लिहिला असेल, तर? एका परतीत अनेक चलनांचा माल असतो आणि एका चलनाचा माल अनेक परतींमध्ये येतो, म्हणजे हे दोन्ही बाजूंनी ‘अनेक’ असलेले नाते आहे, आणि ते एका रकान्यात मावत नाही. त्याला ‘वाटप’ असा स्वतंत्र चौकोन द्यावा लागतो, ज्यात कोणत्या परतीतले किती नग कोणत्या चलनाच्या कोणत्या ओळीकडे वळवले ते राहते.

हे नुसते प्रोग्रामिंगचे शास्त्र नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला (प्लेटिंगसारखी प्रक्रिया बाहेरून करून घेण्यासाठी) कर न भरता पाठवलेला कच्चा किंवा अर्धतयार माल एका वर्षात परत यावा लागतो किंवा तिथूनच नियमाप्रमाणे पुढे विकला जावा लागतो. भांडवली वस्तूंसाठी ही मुदत ३ वर्षांची आहे. आयुक्त ती अनुक्रमे आणखी १ आणि २ वर्षांपर्यंत वाढवू शकतात. मुदतीत माल आला नाही तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असे धरून कर लागतो. आयटीसी-०४ या जॉबवर्कच्या जीएसटी विवरणपत्रात परत आलेल्या मालापुढे मूळ चलनाचा क्रमांक आणि तारीख यांचे रकाने आहेत. म्हणजे २२ तारखेचे वाटप कसे केले यावर कोणत्या १८० नगांचे वर्ष कधी भरणार हे अवलंबून आहे.

याच कलमात मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना या मुदतीतून वगळले आहे. तेव्हा चलनाच्या ओळीवर ‘वस्तूचा प्रकार’ असणे भाग आहे, आणि तो चलनावर न ठेवता ओळीवरच ठेवला पाहिजे, कारण पार्टबरोबर ते धरण्याचे फिक्स्चरही त्याच चलनावर जाऊ शकते. माल पुरवठादाराकडून परस्पर जॉबवर्करकडे गेला असेल तर मुदत त्याला माल मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून ‘पाठवल्याची तारीख’ आणि ‘जॉबवर्करला मिळाल्याची तारीख’ असे दोन रकाने लागतील. एका रेघेच्या दोन टोकांवर आकडे लिहिताना इतक्या गोष्टी वर येतात. हे चित्र नंतर बदलायचे झाले तर टेबले, अहवाल आणि जुना डेटा सगळेच हलवावे लागते, म्हणून वेळ कमी असेल तर बाकीची चित्रे आखूड करावीत, पण हे करू नये.

अवस्थाचित्र आणि त्याच्यामागचा तक्ता

एक्सेल शीटमध्ये ‘स्टेटस’ नावाचा रकाना बहुधा असतोच आणि त्यात ‘पाठवले’, ‘फोन केला’, ‘अर्धा आला’, ‘अर्जंट’ असे सगळे एकत्र नांदत असते. यांतल्या काही अवस्था आहेत, काही घटना आहेत आणि ‘अर्जंट’ हा दोन्हींपैकी काहीच नाही. ते वेगळे करण्याची कसोटी सोपी आहे : जे काही काळ खरे राहते ती अवस्था, आणि जे एका क्षणी घडून जाते ती घटना. ‘अंशतः परत’ ही अवस्था आहे, ‘माल आला’ ही घटना आहे.

आपल्या चलनाच्या ओळीला सहा अवस्था पुरतील : कच्चे चलन, गेटबाहेर, अंशतः परत, पूर्ण परत, बंद आणि रद्द. या गोलांमध्ये बाण काढून प्रत्येक बाणावर घटनेचे नाव लिहिले की चित्र झाले. पण खरी कमाई त्यानंतरच्या तक्त्यात आहे. डावीकडे अवस्था, वरती घटना : गेटवर सही झाली, माल आला, रद्द करण्यास सांगितले, तपासणीत नापास, वर्ष भरले. सहा गुणिले पाच, म्हणजे ३० घरे. प्रत्येक घरात तीनपैकी एक गोष्ट लिहायची : ओळ कोणत्या अवस्थेत जाते, किंवा ‘घडू शकत नाही’, किंवा ‘विचारायचे’. चित्रात न काढलेला बाण दिसत नाही, तक्त्यातले रिकामे घर मात्र डोळ्यात खुपते.

तीन घरे नमुन्यादाखल घेऊ. ‘गेटबाहेर’ आणि ‘रद्द करण्यास सांगितले’ यांच्या घरात बहुतेक जण पटकन ‘घडू शकत नाही’ लिहितील, पण टेम्पो निघाल्यावर चुकीचा माल चढला म्हणून फोन करून परत बोलावणे ही नित्याची गोष्ट आहे. त्या खेपेचे ई-वे बिल काढले असेल तर ते काढल्यापासून २४ तासांतच रद्द करता येते, आणि वाटेत अधिकाऱ्याने तपासलेले असेल तर तेही नाही. तेव्हा या घरात अवस्थाबदलाबरोबर एक सूचनाही दाखवावी लागेल. दुसरे घर ‘बंद’ आणि ‘तपासणीत नापास’ यांचे. प्लेटिंगचा थर जुळणीच्या वेळी सुटलेला आढळला आणि ओळ तर केव्हाच बंद झाली आहे. जुनीच ओळ उघडायची की रीवर्कसाठी नवे चलन काढून त्यावर जुन्याचा संदर्भ द्यायचा, हा निर्णय मालकांचा आणि त्यांच्या सीएचा आहे, प्रोग्रामरचा नव्हे. तिसरे घर ‘अंशतः परत’ आणि ‘वर्ष भरले’. येथे घटना कोणी माणूस घडवत नाही. ती काळ घडवतो. माणसांना विचारून गरजा गोळा केल्या की अशा घटना हमखास निसटतात, कारण ‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाच्या उत्तरात त्या येतच नाहीत. म्हणून तक्त्यात मुदत संपणे, महिना संपणे, आर्थिक वर्ष संपणे यांसाठी निदान एक स्तंभ नेहमी ठेवावा. वर्ष भरण्यापूर्वी किती दिवस आधी आणि कोणाला आठवण द्यायची, ही गरज याच घरातून निघते.

निर्णयतक्ता : अटींचे जाळे

पट्ट्यांच्या चित्रात एका निर्णयाच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा असे प्रश्न येऊ लागले की तिथे चित्र थांबवावे आणि निर्णयतक्ता करावा. होय-नाही अशा अटी तीन असतील तर शक्यता ८ होतात, चार असतील तर १६. आधी सगळ्या मांडायच्या, मग ज्या एकसारख्या आहेत त्या जोडायच्या. जॉबवर्कला माल पाठवताना ई-वे बिल लागेल का, या प्रश्नाचा तक्ता असा होतो :

| | अ | आ | इ | ई | उ |
|---|---|---|---|---|---|
| जॉबवर्कर दुसऱ्या राज्यात? | होय | होय | नाही | नाही | नाही |
| वाहन मोटारीचे? | होय | नाही | होय | होय | नाही |
| किंमत ₹५०,००० हून जास्त? | कसेही | कसेही | होय | नाही | कसेही |
| ई-वे बिल | काढावे | अशक्य | सीएंना विचारावे | नको | नको |

‘अ’ स्तंभात किंमत ‘कसेही’ आहे, कारण एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे माल पाठवताना किंमत कितीही असली तरी ई-वे बिल लागते. ₹५०,००० ची मर्यादा सगळ्यांच्या तोंडी असल्यामुळे नेमका हाच अपवाद दस्तऐवजात राहून जातो. ‘आ’ स्तंभ बडोद्याहून हातगाडीने महाराष्ट्रात माल नेण्याचा आहे, तेव्हा तो खोडावा. पण खोडण्यासाठी तो आधी लिहिलेला असला पाहिजे. ‘उ’ मध्ये मकरपुऱ्यातल्याच दुसऱ्या गल्लीत हातगाडीने गेलेला माल येतो, आणि मोटारीशिवाय चालणाऱ्या वाहनाला ई-वे बिलातून सूट आहे. ‘इ’ स्तंभात राज्यांतर्गत वाहतुकीसाठी गुजरात सरकारच्या अधिसूचनांमधल्या सवलती पाहाव्या लागतात, त्यामुळे तिथे अंदाज न लिहिता प्रश्न आणि तो ज्याला विचारायचा त्याचे नाव लिहिले आहे. पहिल्या अटीचे उत्तर सिस्टिम स्वतः काढू शकते : जीएसटीआयएनचे (जीएसटी नोंदणी क्रमांकाचे) पहिले दोन अंक राज्याचे असतात, गुजरातचे २४ आणि महाराष्ट्राचे २७. वाहनाचा प्रकार मात्र कोणीतरी भरावा लागेल. म्हणजे चलनाच्या स्क्रीनवर एक रकाना वाढला.

स्क्रीनचे कच्चे आराखडे

हे सर्वांत शेवटी आणि पेन्सिलीनेच करावे. स्क्रीनचे चित्र दाखवले की बोलणे लगेच बटणांच्या रंगावर आणि लोगोच्या जागेवर जाते, आणि आतला व्यवहार ठरला असा सगळ्यांचा समज होतो. गेटवरच्या वॉचमनला एका हातात मोबाइल धरून काम करायचे आहे, किंवा काकांना परतीची नोंद करताना जुन्या शिल्लक ओळी समोर दिसायला हव्यात, एवढे कळण्यापुरते दोन-तीन आराखडे पुरेत.

चित्रे एकमेकांशी ताडून पाहणे आणि वाक्ये लिहिणे

चित्रे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांबरोबर काढलेली असतात, म्हणून ती एकमेकांसमोर ठेवून तपासावीत. संदर्भचित्रातल्या बाणावरचे प्रत्येक नाम वस्तूंच्या चित्रात सापडले पाहिजे. अवस्थाचित्रातल्या प्रत्येक घटनेला पट्ट्यांच्या चित्रात ती घडवणारे पाऊल असले पाहिजे, किंवा ती काळाची घटना असली पाहिजे. आपल्या उदाहरणात ‘रीवर्क’ हा शब्द पट्ट्यांमध्ये आहे, पण वस्तूंच्या चित्रात जुन्या चलनाशी नव्याला जोडणारी रेघ नाही, असे या टप्प्यावर लक्षात येईल.

त्यानंतर तीन खरी चलने घ्यावीत : एक सरळ पार पडलेले, एक ज्यावरून वाद झाला ते, आणि एक जे सर्वांत जुने असून अजून मिटलेले नाही. काकांच्या हातात पेन्सिल द्यावी आणि प्रत्येक चलन चित्रावरून बोटाने चालवायला सांगावे. जिथे बोट अडते तिथे चित्र दुरुस्त करावे. या वेळी प्रोग्रामरने समजावून सांगू नये. समजावून सांगावे लागले तर चित्र अपुरे आहे.

मग प्रत्येक बाणाला, घराला आणि स्तंभाला क्रमांक देऊन त्याचे एकेक वाक्य लिहावे. उदाहरणार्थ : “चलनाची ओळ ‘अंशतः परत’ या अवस्थेत असताना परतीची नोंद केली, तर सिस्टिमने त्या पार्टीच्या त्याच पार्टच्या सर्व शिल्लक ओळी पाठवल्याच्या तारखेच्या क्रमाने दाखवाव्यात आणि नगांचे वाटप स्टोअरकडून मंजूर करून घ्यावे.” अशा वाक्याची चाचणी घेता येते, आणि ते कुठून आले हे क्रमांकावरून सांगता येते. जे चित्रात मावत नाही ते वेगळे लिहावे : नोंद किती सेकंदांत व्हावी, गेटवरचे इंटरनेट बंद पडले तर काय, बॅकअप कुठे राहील, कोणाला कोणती किंमत दिसू नये. या गोष्टींना बाण नसतात, म्हणून त्या विसरल्या जातात.

प्रत्येक चित्र एका ए-४ कागदावर मावेल एवढेच ठेवावे. बाराहून अधिक चौकोन झाले की दोन कागद करावेत. कोपऱ्यात तारीख, आवृत्तीचा क्रमांक आणि कोणाबरोबर बसून काढले ते लिहावे. चर्चा संपेपर्यंत कागद किंवा फळा, आणि नंतर जपून ठेवण्यासाठी ड्रॉ डॉट आयओसारखे फुकट साधन पुरेसे आहे. संगणकावर काढलेले चित्र पहिल्याच बैठकीत नेले तर ते पक्के झाले असे वाटून लोक त्यावर खोडाखोड करायला कचरतात.

शेवटी उरते ती ‘विचारायचे’ अशी नोंद असलेल्या घरांची यादी. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर देणाऱ्याचे नाव आणि तारीख असावी. ती संपूर्ण मिटल्याशिवाय काम सुरू करायचे नाही असा हट्ट धरला तर काम कधीच सुरू होणार नाही, म्हणून प्रश्नांची प्रतवारी करावी. वस्तू आणि नात्यांच्या चित्रातला एकही प्रश्न उघडा ठेवून कोड लिहायला घेऊ नये. अवस्थांच्या तक्त्यातले प्रश्न त्या अवस्थेचे काम हाती येईपर्यंत थांबू शकतात. निर्णयतक्त्यातला एखादा स्तंभ सीएंचे उत्तर येईपर्यंत ‘माणसाला विचारा’ अशा तात्पुरत्या उत्तरावर चालवता येतो, आणि स्क्रीनचे प्रश्न काकांनी आठवडाभर वापरून पाहिल्यावर सोडवले तरी बिघडत नाही.